आठवारी किल्ट, नऊवारी साडी

स्कॉटलंडमधले पुरुष लग्नाकार्यात गुडघ्यापर्यंतचा, चौकडीच्या लोकरी कापडाचा, मागे निऱ्या असलेला जो पोशाख घालतात, तो किल्ट. आपण तो सिनेमात पाहिलेला असतो. चांगल्या कारागिरानं हातानं शिवलेल्या किल्टला आठ यार्ड कापड लागतं, म्हणजे आपल्या हिशेबानं ती आठवारीच झाली. किंमत पाचशे पौंडांच्या आसपास आणि पुढे. रुपयांत पन्नास हजारांच्या वर.

तिथल्याही सगळ्या पोरांकडे एवढे पैसे नसतात. मित्राच्या लग्नापुरता कुणी किल्ट भाड्यानं आणतं, कुणी वापरलेला विकत घेतं, कुणी कृत्रिम धाग्याचा तीस-चाळीस पौंडांचा घेतं. हा स्वस्त किल्ट पुष्कळदा पाकिस्तानात, सियालकोटला शिवलेला असतो. मग कुणीतरी नाक मुरडतं, की हा काही खरा किल्ट नाही.

हे नाक मुरडणं अर्धापूरला परकं नाही. कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे' जाहीर झाला की नांदेडच्या वजिराबादेत जाऊन हजार-बाराशेत शिवलेली नऊवारी घेणाऱ्या मुलीला हेच ऐकावं लागतं. नाडीची आणि हुकाची नऊवारी ही काय नऊवारी? सेमी पैठणी ही काय पैठणी? मुलगा असेल तर इलॅस्टिकचं धोतर आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा तयार फेटा, यावर तर मीमच बनतात. हसणाऱ्याला वाटतं, आपण परंपरेच्या बाजूनं बोलतोय. ती बाजू तपासून बघायची तर किल्टवरचा एक गाजलेला निबंध फार कामाचा आहे. तो जे सांगतो त्यासाठी आणि जे सांगायचं सोडून देतो त्यासाठीही.

१९८३ साली एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' हे पुस्तक आलं. ज्या परंपरा फार जुन्या म्हणून मिरवल्या जातात, त्यातल्या कितीतरी अलीकडे, हेतुपुरस्सर तयार झाल्या आहेत, हे त्याचं सूत्र. त्यात इंग्रज इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, म्हणजे हायलँडच्या परंपरेवर निबंध आहे. किल्ट हा हायलँडचा प्राचीन पोशाख नाहीच, तो अठराव्या शतकात तयार झाला आणि तोही एका इंग्रजानं केला, असं ते म्हणतात.

गोष्ट अशी. थॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकेशायरच्या एका कारखानदारानं १७२७ च्या सुमारास ग्लेनगॅरीच्या सरदाराशी करार करून इन्व्हरगॅरीचं जंगल घेतलं आणि तिथं लोखंड वितळवण्याची भट्टी घातली. कामाला स्थानिक हायलँडर होते. त्यांचा पोशाख म्हणजे न शिवलेलं, भरपूर लांबीचं एकच कापड. कमरेखाली त्याच्या निऱ्या घालायच्या, पट्ट्यानं आवळायचं आणि उरलेला भाग खांद्यावरून घ्यायचा. डोंगरात गुरांमागे हिंडायला, रात्री त्यातच गुरफटून झोपायला हे कापड उत्तम होतं. भट्टीपुढे मात्र ते अडचणीचं. तेव्हा रॉलिन्सननं इन्व्हरनेसला असलेल्या पलटणीच्या शिंप्याला गाठलं. शिंप्यानं कापड कमरेपाशी कापलं, वरचा भाग काढून टाकला आणि खालच्या भागाच्या निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या. हा झाला किल्ट. आधी मालकानं घातला, मग सरदारानं, मग त्यांच्या माणसांनी.

आता हेच वर्णन नऊवारी नेसणाऱ्या घरातल्या कुणाला ऐकवून बघा. न शिवलेलं लांब कापड, नेसायला वेळ लागणारं, कामाच्या नव्या जागी अडचणीचं. मग शिंपी ते कापतो, निऱ्या शिवतो आणि पायात घालून नाडी बांधली की काम झालं. अर्धापूरची मुलगी वजिराबादेतून आणते ती हीच वस्तू. म्हणजे स्कॉटलंडमध्ये आज ज्याला 'खरा किल्ट' म्हणतात, तो मुळात तिथली शिवलेली नऊवारी आहे. तीनशे वर्षांपूर्वी कुणी जाणत्या हायलँडरनं त्याला हसून घेतलं असतं, तर आजच्या पन्नास हजारांच्या किल्टलाच हसला असता.

ट्रेव्हर-रोपर पुढची कथाही मजेनं सांगतात. १७४५ च्या बंडानंतर सरकारनं १७४६ मध्ये कायदा करून सामान्य लोकांना हायलँडचा पोशाख वापरायला बंदी केली. फौजेतल्या पलटणींना तेवढी सूट होती. १७८२ मध्ये बंदी उठली. तोवर हायलँडच्या गरीब माणसाला विजारीची सवय झालेली होती आणि तो जुन्या पोशाखाकडे फारसा परतला नाही. किल्ट उचलला तो वरच्या आणि मधल्या वर्गानं. बंड मोडलेलं, भीती संपलेली, आता त्या पोशाखात रोमँटिक वाटण्यासारखं बरंच होतं. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळा समारंभ हायलँडच्या थाटात बसवला आणि जे एकेकाळी डोंगरातल्या गरिबांचं होतं ते अख्ख्या देशाचं मानचिन्ह झालं.

निबंधाची ताकद इथं आहे. पोशाख गरिबाच्या अंगावर असतो तोवर मागासपणाची खूण असतो. त्यानं तो टाकला आणि तो दुसऱ्याच्या अंगावर गेला, की वारसा होतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारात आजही सुती किंवा इरकली लुगडं नेसलेल्या, काष्टा मारलेल्या म्हाताऱ्या भाजी विकताना दिसतात. केळीच्या बागेत, उसाच्या फडात, कापूस वेचताना मराठवाड्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोच पोशाख वापरला, कारण त्यात वाकता येतं, चालता येतं, पाण्यात उतरता येतं. त्या आजीला पाहून कुणी 'ट्रॅडिशनल लूक' म्हणत नाही. तिच्या सुनेनं सहावारी धरली, नातीनं पंजाबी ड्रेस. लुगडं घरातून जवळजवळ गेल्यावर डोंबिवलीपासून सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रा गावोगाव पोचल्या आणि बुलेटवरची नऊवारी फोनच्या पडद्यावर आली. आजीचा कामाचा पोशाख नातीला सणाचा म्हणून विकत घ्यावा लागतो, तोही दुकानानं ठेवलेल्या नावानं.

ही नावं बघण्यासारखी आहेत. शिवलेली नऊवारी मागितली की दुकानदार विचारतो, ब्राह्मणी की पेशवाई? मस्तानी की राजलक्ष्मी? सगळी नावं दरबाराची नाही तर उच्च जातीची. शेतात रोज नेसलं जाणारं आखूड, घट्ट काष्ट्याचं लुगडं कुठल्याच पाटीवर नाही, खरं तर नऊवारीचं सर्वांत जास्त वापरलेलं रूप तेच असताना. किल्टचंही असंच झालं. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीनं चौकडीच्या कापडांना कुळांची नावं देऊन विकायला सुरुवात केली. ट्रेव्हर-रोपर एक झणझणीत उदाहरण देतात. मॅकफर्सन कुळाच्या सरदाराला त्याच्या कुळाचं म्हणून जे कापड दिलं गेलं, ते त्याआधी किड नावाच्या माणसाला वेस्ट इंडीजमधल्या त्याच्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक विकलं जात होतं आणि तेव्हा त्याचं नाव 'किड' होतं. त्याआधी तर नावच नव्हतं, नुसता नंबर होता, १५५. कापड तेच. गुलामाच्या अंगावर ते माल होतं, सरदाराच्या अंगावर कुळाचा मान झालं.

इथपर्यंत मी ट्रेव्हर-रोपर यांच्यासोबत आहे. पुढे मात्र वाट वेगळी होते.

पहिली अडचण पुराव्याची. रॉलिन्सनची गोष्ट मुख्यतः इव्हान बेली नावाच्या माणसाच्या एका पत्रावर उभी आहे. ते पत्र छापून आलं १७८५ मध्ये, भट्टी विझून अर्धं शतक झाल्यावर. निऱ्यांचा आखूड पोशाख त्याआधीही कुठे कुठे वापरात असावा, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. ज्या वर्षी हा निबंध पुस्तकात आला त्याच १९८३ च्या एप्रिलमध्ये ट्रेव्हर-रोपर यांनी तथाकथित 'हिटलरच्या डायऱ्या' अस्सल असल्याचा निर्वाळा दिला आणि दोनेक आठवड्यांत त्या बनावट ठरल्या. त्यामुळे निबंध खोटा ठरत नाही. पण खरं-खोटं ओळखणं किती कठीण असतं याचा दाखला तो लिहिणाऱ्याच्याच आयुष्यात आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

दुसरी अडचण मोठी आहे. या निबंधात 'नवं' आणि 'खोटं' हे शब्द जवळजवळ एकाच सुरात येतात. किल्ट नवा आहे, सबब त्याचा अभिमान हास्यास्पद आहे, असा तो सूर. जुना पोशाख स्वस्त होता म्हणून गरीब माणूस तो वापरत असे, सरदार लोक अंगासरशी बसणारी विजार घालत, हे ट्रेव्हर-रोपर नोंदवतात. नोंदवून पुढे जातात. माझ्या दृष्टीनं निबंध तिथं सुरू व्हायला हवा होता. भट्टीच्या मालकाचं नाव आपल्याला माहीत आहे, सरदाराचं आहे, पत्र लिहिणाऱ्याचं आहे. ज्याच्यासाठी कापड कापलं गेलं त्या मजुराचं नाव नाही. त्याला ते आवडलं का? कापलेला वरचा तुकडा त्यानं रात्री पांघरायला ठेवला असेल का? किल्टला 'एका इंग्रजाचा शोध' म्हटलं की हसू येतं. 'मजुराच्या कामासाठी बदललेलं कापड' म्हटलं तर हसायला जागाच उरत नाही, कारण जगातले बहुतेक पोशाख असेच बदललेले आहेत.

त्याची उलट बाजूही पाहायला हवी, कारण पोशाख टाकण्यामागेही गरज असते. १७४६ चा कायदा पोशाख हिसकावून घेणारा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना जे सांगितलं ते याच्या नेमकं विरुद्ध टोकाचं होतं. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांचा आग्रह होता. बायकांनी तो मानला. त्यांच्या नातींना आज कॉलेजची नोटीस सांगते की अमुक दिवशी पारंपरिक वेशभूषा अनिवार्य. कुणाची परंपरा? एका घरात जुनं नेसणं जपलं गेलं ते अभिमानानं, दुसऱ्या घरात ते सोडलं गेलं तेही अभिमानानंच. नोटीस काढणाऱ्याला हा फरक माहीत नसतो आणि खर्च दोघींनाही सारखाच येतो.

आता पैठणीकडे येऊ, कारण नाक मुरडण्याचा सर्वांत जास्त त्रास तिच्या पायी होतो. पैठणी मराठी मनात कशी आली ते पाहा. शांता शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेत ती आजीची आहे, फडताळातल्या गाठोड्यात जपलेली. 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर वर्षानुवर्षं घरोघर जाऊन ती बक्षीस देत राहिले. म्हणजे पैठणी एक तर वारशानं मिळते नाही तर खेळ जिंकून. काउंटरवर उभं राहून, पर्समधल्या नोटा मोजून, 'यापेक्षा कमीतली दाखवा' म्हणणारी बाई आपल्या पैठणीच्या गोष्टींत क्वचितच भेटते. शंतनू रोडे यांचा 'गोष्ट एका पैठणीची' हा चित्रपट म्हणूनच महत्त्वाचा. सामान्य घरातल्या इंद्रायणीला पैठणी हवी आहे आणि ती परवडत नाही, ही गोष्ट त्यानं मध्यभागी आणली. तरीही तिथं पैठणी स्वप्न म्हणूनच येते. घरखर्चाच्या वहीतली एक ओळ म्हणून ती आपल्या साहित्य-सिनेमात अजून यायची आहे.

ती ओळ अशी असते. हातमागावरच्या पैठणीला काही आठवडे ते काही महिने लागतात. दहा हजारांच्या खाली ती सहसा मिळत नाही, वर लाखापर्यंत जाते आणि विणणाऱ्याच्या वेळेचा हिशेब केला तर यात महाग काही नाही. दुसरीकडे यंत्रमागावरची, कृत्रिम रेशमाची सेमी पैठणी हजाराच्या आसपास सुरू होते. आक्षेप घेणारे म्हणतात की या सेमीनं विणकराचं पोट मारलं. यात तथ्य आहे, पण कुठे, ते नीट बघावं लागेल. जिच्याकडे नऊशे रुपये आहेत ती येवल्याच्या विणकराची गिऱ्हाईक कधीच नव्हती. तिनं सेमी घेतली नसती तर हातमागाची घेतली नसती, काहीच घेतलं नसतं. विणकराचं नुकसान होतं ते बारा हजार रुपये घेऊन आलेल्या बाईला यंत्राची साडी 'प्युअर हातमाग' म्हणून विकली जाते तेव्हा. तिथं विणकरही फसतो आणि बाईही.

स्वस्त आणि खोटं यांत इतका साधा फरक आहे आणि तो समजून घ्यायला स्कॉटलंडला जायचीही गरज नाही. औरंगाबादचा हिमरू घ्या. किनखाब म्हणजे सोन्या-रुप्याच्या जरीचं रेशमी कापड, राजे-नवाबांना परवडणारं. त्याच्यासारखी नक्षी सूत आणि रेशीम मिसळून विणली तो हिमरू. नावाचा अर्थच 'सारखा' असा सांगतात. म्हणजे हिमरू ही किनखाबाची 'सेमी' आवृत्तीच. पण आपण किनखाब आहोत असं तो म्हणाला नाही. स्वतःचं नाव घेऊन बाजारात बसला आणि निजामाच्या राज्यात त्याच्या शेरवान्या ऐटीनं वापरल्या गेल्या. आज हातमागावरचा हिमरू विणणारे मोजके उरले आहेत, तो दुर्मीळ वारसा झाला आहे आणि त्याच्याही यंत्रावरच्या नकला निघाल्या आहेत. मराठवाड्याचं एक मानाचं कापड मुळात कमी पैशांतला पर्याय होतं, हे नाक मुरडताना आठवायला हरकत नाही.

खोटेपणाची व्याख्या मग अशी करता येईल : वस्तू जी नाही ती आहे असं सांगणं. किल्टच्या इतिहासात रॉलिन्सनचा शिंपी खोटा नव्हता. खोटे होते ते अॅलन बंधू. १८४२ मध्ये त्यांनी 'व्हेस्टिॲरियम स्कॉटिकम' नावाचं पुस्तक काढलं आणि कुळांच्या चौकड्यांच्या नोंदी जुन्या हस्तलिखितातून घेतल्याचा बनाव केला. शिंप्यानं कापड बदललं, त्यांनी कागदपत्रं बनवली. ट्रेव्हर-रोपर यांच्या निबंधात या दोघांवरही आपण सारखेच हसतो, ही त्याची खरी उणीव. वाचणारा निबंध खाली ठेवतो तो 'सगळंच थोतांड' असं म्हणत, आणि इतकी सरसकट शंका शेवटी ठगाच्याच सोयीची असते. सगळंच खोटं असेल तर मग लेबलावर काय लिहिलंय ते वाचायचं कशाला?

लेबल वाचायलाच हवं. सिल्क मार्क धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगतो, ती साडी यंत्रमागाची असू शकते. हँडलूम मार्क माग हाताचा असल्याचं सांगतो. दोन्ही वेगळे आहेत आणि दुकानात ते मुद्दाम एकत्र केले जातात. पदर उलटा करून पाहावा. हातानं विणलेल्या पैठणीत मोर आणि वेल मागच्या बाजूलाही जवळपास तितकेच स्वच्छ दिसतात. यंत्राच्या साडीत बहुधा मागे मोकळे किंवा कापलेले धागे सापडतात. यंत्राची निघाली तर घेऊ नये असं नाही. यंत्राच्या किमतीला घ्यावी आणि यंत्राची म्हणून नेसावी. त्याहून स्वस्तात हवी तर आजीच्या पेटीत सुती लुगडं असतंच, ते नेसवून घ्यायला तिच्यासोबत अर्धा तास बसावं लागतं एवढंच. आणि शिवून घेतलं तरी बिघडत नाही. कारखान्याच्या कामासाठी कापड शिवून घेणाऱ्यांच्या नावावर एका अख्ख्या देशाची परंपरा उभी आहे.

शेवटी एक गोष्ट नांदेडबद्दल. 'नांदेड-४४' या नावाचं कापसाचं वाण एकेकाळी शेतकऱ्यांच्या तोंडी होतं. निजामाच्या काळात शहरात उस्मानशाही मिल उभी राहिली होती, तिचे भोंगे कधीच थांबले. ज्या जिल्ह्याच्या नावावर कापूस ओळखला गेला तिथली मुलगी सणाला पॉलिस्टरची नऊवारी घेते, कारण सुती लुगडं आता तिच्या बजेटमध्ये मिळत नाही किंवा दुकानात ठेवलेलंच नसतं. यावर हसायचंच असेल तर तिला सोडून इतर बऱ्याच जणांकडे बघता येईल. कापूस कुठे जातो, मिल का बंद पडली, 'पारंपरिक वेशभूषा अनिवार्य' अशी नोटीस काढणाऱ्यानं कुणाच्या खिशाचा विचार केला, हे प्रश्न परंपरेचेच आहेत. ते विचारणारा निबंध ट्रेव्हर-रोपर यांनी लिहिला नाही. तो इथल्या कुणीतरी लिहायला हवा, हजार-बाराशेची नऊवारी नेसून लिहिला तरी चालेल.